टाइपरायटरची रिबन

अमरावतीला बदली झाली तेव्हा मी माझा टाइपरायटर अकोल्यात, कोर्टामागच्या एका दुरुस्तीवाल्याला विकला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. शाईने कायमची काळी झालेली बोटं आणि दोऱ्याने कानाला बांधलेला चष्मा, एवढंच आठवतं. मशीन तपासून झाल्यावर त्याने तो चष्मा खिशात घातला, चाचपडत आतली रिबन काढली आणि कागदात गुंडाळून मला दिली.

“घरी नेऊन चुलीत टाकजा, बाबूजी. नव्या रिबनीवर एकदा उमटलेलं अक्षर न् अक्षर वाचता येते.”

“पण चष्मा कशाला काढलात?”

“एकडाव वाचलं होतं मी. दर्यापूरकडच्या एका मजुरानं मालकाविरुद्ध कलेक्टरले केलेला अर्ज होता. मशीन घ्याले आलेल्या गिऱ्हाइकाले मी हसत हसत दाखवला. तो मालकाचाच साळा निघाला. आठ दिवसांत मजुराचं घर जळलं. आत त्याची माय होती.”

मी निघेपर्यंत त्याने चष्मा घातला नाही.

घरी चुलीपाशी मी माझा चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि रिबन उजेडात धरली. ती नवीच होती. हाफिसातल्या माझ्या शेजारच्या कारकुनाविरुद्ध मी साहेबाला धाडलेला निनावी अर्ज तिच्यावर जसाच्या तसा होता. त्या अर्जाने त्याची नोकरी गेली होती. आणि आज माझं सामान बांधायला तोच आला होता, ओसरीवर सुतळी कापत बसला होता.

रिबन मी विस्तवात टाकली.

“काय जळून राहिलं, भाऊ?” त्याने बाहेरून विचारलं.

मी चष्मा काढून ठेवला, मगच ओसरीवर गेलो.