त्यांच्याच पोथीतून

खाप्याला आमचा एकच हातमाग होता, तोही दुसऱ्याच्या सुतावर चालायचा. सूत यायचं थांबलं तसे आम्ही नागपूरला, नंदनवनात टिनाच्या एका खोलीत आलो. बाबा एका बिल्डिंगवर चौकीदार झाले, आई मशीनवर साड्यांना फॉल लावू लागली. पुढे बाबा गेले. आम्हा दोघा भावंडांपैकी एकालाच शिकवणं जमणार होतं. धाकट्या भावाने दहावीनंतर वायरिंगचं काम धरलं आणि मी कॉलेजात गेले. बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली. हे मी मान वर करूनच सांगते.

भावाला कामावर जोराचा शॉक लागला, तेव्हा सोबतचा एक मिस्त्री दवाखान्यात त्याच्यासाठी प्रार्थना करत बसला होता. बरा झाल्यावर भाऊ दर रविवारी त्याच्यासोबत हुडकेश्वरला प्रार्थनेला जाऊ लागला. आईला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट तिने त्याने आणलेलं येशूचं चित्र देव्हाऱ्यात गजाननाशेजारी ठेवलं आणि त्याला हळदकुंकू लावलं. भावाने ते चित्र उचलून पुसलं.

"काहून गा? जागा कमी पडून राहिली काय त्याले?"

"आई, तो एकटाच देव हाय. बाकीच्यायसंग नाही बसत."

तिथून बिनसलं. तो बाप्तिस्मा घेणार म्हणाला. आई म्हणाली, मग ताट वेगळं. तो म्हणाला, मग मी हुडकेश्वरला खोलीच घेतो. आई माझ्याकडे वळली.

"तू एवढी शिकली नं वं? त्यायच्याच पोथीतून दाखव याले, का तो देव नव्हता म्हणून. मंग राहते तो घरी."

मी भावाचाच नवा करार, म्हणजे त्यांची ती पोथी, घेतला आणि वाचायला बसले. बसले म्हणजे काय, चार ओळी वाचायच्या की उठून दारापर्यंत जायचं. एका पानावर वाटायचं, माणूसच आहे. तो स्वतः प्रार्थना करतो, पिता माझ्याहून थोर म्हणतो, शेवटची घडी कधी ते पुत्रालाही ठाऊक नाही म्हणतो. दुसऱ्या पानावर शिष्य त्याला तोंडावर देव म्हणतो, आणि तो त्याला अडवत नाही. चौथ्या शुभवर्तमानाची, म्हणजे येशूच्या चौथ्या चरित्राची, तर सुरुवातच अशी, की शब्द देव होता आणि तोच माणूस होऊन आला.

रविवारी जेवण झाल्यावर आम्ही समोरासमोर बसलो. मी शेवटच्या घडीचं काढलं, देव असता तर त्याला ती ठाऊक असती. भाऊ गडबडला, मग म्हणाला, "पण ताई, लोकं त्याच्या पाया पडत. त्यानं पडू देल्लं. माणूस असता तं नको म्हनला असता."

"मग आईही देवच. दिवाळीले सारी गल्ली पडते तिच्या पाया."

आई मशीनमागे हसली. "मले नाही लागत बाप्पा एवढी भक्ती. अन् हा तं माह्या पायाही पडत नाही आता."

भाऊ हसला नाही. म्हणाला, "एक तारखेले खोली पाहतो." आणि अंगणात नळावर गेला.

मी जिंकले होते. पण पुढचं मी वाचलेलं होतं. त्याच पोथीत पुढे एक शिपायांचा अंमलदार येशूच्या एका शिष्याच्या पाया पडतो, तर शिष्य त्याला उठवतो, मीही माणूसच आहे म्हणतो. शेवटी देवदूतही तसंच करतो. येशूने मात्र पाया पडणाऱ्या कुणालाच असं उठवलेलं मला सापडलं नाही. भावाला अजून हे माहीत नव्हतं. मला होतं, आणि आई समोर बसली होती.

नळापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले आणि त्याला सगळं सांगितलं. पान उघडून दिलं. त्याने उभ्यानेच वाचलं.

"हे मले काहून सांगतलं? तू तं जितली होती."

"पोथीत आहे म्हणून सांगितलं."

"अन् ते घडीचं? ते मले अजूनही समजून नाही राहिलं."

"मलाही नाही."

आईने आतून विचारलं, "मंग ठरलं का? देव हाय का नाही?"

"आई, दोन्ही बाजूंनी लिहिलंय."

"एवढं शिकून हेच?" ती बराच वेळ पुटपुटत राहिली. मग भावाला म्हणाली, "हिलेच ठरवता येऊन नाही राहिलं, तं तू काहून जातं? खोली-बिली काही पाहू नको. माह्या देव्हाऱ्याले हात लावायचा नाही, बस. अन् हे भांडण इथंच करत जा, बाहेर नाही."

त्याने बाप्तिस्मा घेतला. आई आली नाही, मी गेले. मी मानते की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. रविवार आला की आम्ही वाद घालतो. भाऊ घर सोडून गेला नाही.