मोटारीला बैल

आमच्या घरात मोटार आली तेव्हा माझ्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. घरातली सर्वांत नवी वस्तू म्हणून माझं जे कौतुक चाललं होतं ते तिने एका दिवसात पळवलं. हे रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करत. मोटार त्यांनी मुंबईच्या एका पारशी गृहस्थाकडून जुनी घेतली होती. तिला कापडी टप होता, रबरी भोंगा होता, आणि ब्रेक होते असं ह्यांचं म्हणणं होतं. चढावर मात्र त्या ब्रेकांचा भरवसा नसे, म्हणून माझ्या पायाशी जांभ्याचा एक चौकोनी दगड कायम ठेवलेला असे. मोटार मागे सरकायला लागली की मी पदर खोचून खाली उडी मारायची आणि तो दगड चाकामागे लावायचा. वकिलाच्या बायकोला हे शोभतं का, असं शेजारणी विचारत. मला ते काम पोळ्या लाटण्यापेक्षा आवडे.

ह्यांना डोंगर चढायचं वेड होतं. आमच्याकडे लोक डोंगर चढत ते गुरं हरवली म्हणून नाहीतर देवाचं काही असलं म्हणून. उगाच हौसेने चढणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात हा एकच असावा. कोर्टाला सुट्टी लागली की पेट्रोलचे डबे मोटारीला बांधून आम्ही सह्याद्रीच्या पायथ्याकडे निघायचो. देवरुखच्या पुढे रस्ता असा नव्हताच. कोळशाच्या बैलगाड्या रानातून जात, त्यांच्याच वाटा. बैलगाडीची चाकोरी आणि आमच्या मोटारीची चाकं यांचं माप कधी जुळलं नाही. एक चाक चाकोरीत आणि दुसरं उंचवट्यावर, असं आम्ही मैलोगणती तिरके बसून जात असू. घरी आल्यावरही दोन दिवस माझी मान एका बाजूला कललेली असे.

सासूबाई या भानगडीपासून लांब असत. मोटारीला त्या ‘तुझी ती’ म्हणत, जणू ह्यांनी दुसरं लग्न केलं होतं. त्यामुळे एका माघात, पानावर ताक वाढता वाढता त्या ह्यांना म्हणाल्या की मला वाघजाईला ने, तेव्हा आम्ही दोघंही जेवायचे थांबलो.

वाघजाईचं ठाणं घाटाच्या ऐन माथ्यावर. ह्यांना लहानपणी मोठा ताप आला होता, त्या वेळचा नवस होता. डोंगर पायी चढून आपल्या हाताने देवीची ओटी भरायची. ह्यांचं लग्न झालं, वकिली चालू लागली, तरी नवस तसाच. बैलगाडीने जायचं तर दिवस मोडत, आणि घरात कधी सुतक, कधी बाळंतपण. आता सासूबाईंचे गुडघे बोलू लागले होते. या साली जमलं तर जमलं, पुढच्या साली त्यांना चढवणार नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं आणि आम्हालाही. आणि न फेडलेला नवस घरातल्या पुढच्या बाईच्या डोक्यावर येतो, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पुढची बाई म्हणजे मी. मला त्याचं काही वाटत नव्हतं. डोंगर मी हसत चढले असते.

देवरुखला ह्यांच्या एका पक्षकाराकडे मुक्काम करून आम्ही सकाळी निघालो. सासूबाई मागे बसल्या. मांडीवर ओटीची पिशवी होती, तोंडाने रामरक्षा चालली होती. ऐन-किंजळीच्या रानातून लाल धुरळा उडवत मोटार चालली होती आणि काटेसावर लालेलाल फुलली होती. मी ती त्यांना दाखवली तर म्हणाल्या, तू दगडाकडे बघ.

एका खड्या चढावर पंचाईत झाली. त्या जातीच्या मोटारीला फार उभा चढ आला की इंजिनापर्यंत पेट्रोल पोचत नसे. त्यावर उपाय एकच, मोटार उलटी फिरवायची आणि चढ पाठमोरी चढवायची. ह्यांनी ती फिरवली मात्र, सासूबाईंनी रामरक्षा थांबवली. देवीकडे पाठ करून नवस फेडायला जायचं म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. ह्यांनी पेट्रोलचं शास्त्र समजावून सांगितलं. शेवटी त्या स्वतःच बैठकीवर गुडघे टेकून उलट्या बसल्या आणि टपाच्या दांडीला धरून, देवीच्या दिशेला तोंड करून तो चढ चढल्या. मी दगड घेऊन बाजूने धावत होते आणि हसू दाबताना मला ठसका लागला होता.

चढ संपला तिथे पायथ्याच्या गावाची शीव लागली. पुढे देवराई होती. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, तिथली काटकी कुणी तोडत नाही. तिच्यातून दीड कोस गाडीवाट, आणि मग डोंगराची पायवाट. इथे ह्यांनी चूक केली. दुसरा कुणी असता तर भोंगा वाजवून निघून गेला असता. पण हे कोकणातले, त्यात वकील. देवाची रीतसर परवानगी घ्यावी म्हणून खाली उतरले, बरोबर आणलेला नारळ मानकऱ्याच्या हाती दिला आणि म्हणाले की ग्रामदेवाला कौल लावा. विचारलं नसतं तर देवही काही बोलला नसता.

निम्मा गाव जमला. गुरवाने देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. बैल नसलेली, आपल्या आपण धावणारी, धूर ओकणारी गाडी तुझ्या रानातून न्यायची म्हणतात, तुझी मर्जी असेल तर उजवी दे. लोकांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ दिली. जरा वेळ काहीच झालं नाही. मग डावी पाकळी गळाली.

“देव नाय म्हंतो, वकीलसायब,” मानकरी म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

ह्यांनी बाजू मांडून पाहिली. पण त्या कोर्टात अपील नव्हतं. दीड कोस चालून वर डोंगर चढायचा हे सासूबाईंच्या गुडघ्यांच्या ताकदीबाहेर होतं, आणि गावातल्या गाड्या तेव्हा कोळसा घेऊन गेल्या होत्या. गुरव भला माणूस. तो म्हणाला की सुनेने जाऊन ओटी भरली तरी चालतं, देवी मानून घेते. मी तयारच होते. मी पिशवीला हात घातला.

सासूबाईंनी पिशवी ओढून घेतली. “तू नाही जायचंस,” त्या म्हणाल्या. “रांगत जाईन, पण मी जाईन.”

सगळ्या गावासमोर त्या असं बोलल्या. माझ्या हातची ओटी देवीला चालते, पण सासूबाईंना चालत नाही, असंच मला वाटलं, आणि मी भडकले. मला राग आला की माझं डोकं चांगलं चालतं, हे एक बरं आहे. सासूबाईंवर काढता येत नव्हता म्हणून मी तो मानकऱ्यावर काढला. देवाला नेमकं काय नको आहे, असं मी त्याला विचारलं. या वाटेने बैलगाड्या जातात की नाही? तो म्हणाला, जातात. कोळशाने भरलेल्या जातात की नाही? जातात. मग देवाला बैल नसलेली गाडी नको आहे, गाडी नको असं तो म्हणालाच नाही. बैल लावा आणि पुन्हा विचारा.

गावात बराच खल झाला. तोच प्रश्न दोनदा विचारता येत नाही, पण हा प्रश्न वेगळा आहे, असं ठरलं. हे माझ्याकडे अशा नजरेने पाहत होते की मला वाटलं, आता मलाच सनद देतात. नांगराची एक जोडी आणली, इंजिन बंद केलं, पुढच्या आसाला दोर बांधून बैल जुंपले आणि गुरवाने पुन्हा पाकळ्या लावल्या. उजवी लगेच पडली. देवही ताटकळला असावा.

मग आमची मिरवणूक निघाली. पुढे बैल, त्यांच्या बाजूला मानकरी, मागे मोटार, आणि तिच्या चाकाला धरून बसलेले हे. साहेबी टोपी घालून बैलांच्या शेपट्यांकडे बघत बसायची पाळी त्यांच्यावर आली होती. एका वळणावर सवयीने त्यांनी भोंगा दाबला. बैल जे उधळले ते मोटारीसकट वाटेखालच्या करवंदीच्या जाळीत. सगळं गाव हसलं. सासूबाईही हसल्या. मी हसले नाही, कारण माझा राग अजून उतरला नव्हता.

राग उतरला तो डोंगर चढताना. सासूबाईंनी माझा खांदा धरला होता. चार पावलं टाकायची आणि थांबायचं, पुन्हा चार पावलं. खड्या जागी त्या बसून, हातांनी रेटत वर सरकत. हे पुढे जाऊन वाट बघत. मध्ये एकदा मी म्हटलं की द्या आता माझ्याकडे, देवीला कळतं सगळं. त्यांनी मान हलवली आणि उठल्या. वर पोचलो तेव्हा त्यांचं लुगडं गुडघ्यावर फाटलं होतं आणि आतून रक्त आलं होतं.

देवीला देऊळ नव्हतं, चार दगडांचा आडोसा होता. त्यांनी खण, नारळ, तांदूळ देवीच्या ओटीत घातले, हळद-कुंकू वाहिलं, आणि तिथेच पाय पसरून बसल्या. मी पदर ओला करून त्यांचा गुडघा पुसू लागले. तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “अगो, हा नवस माझा नव्हेच. माझ्या सासूबाई बोलल्या होत्या, नातवासाठी. त्यांच्याने झालं नाही, जाताना माझ्या पदरात टाकून गेल्या. इतकी वर्षं ह्याला साधं पडसं झालं तरी मला वाटे, माझ्यामुळेच. तुझ्या पदरात हे नको होतं मला.”

मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले, आणि त्या मला रागावल्या की रक्त पूस आधी.

सासूबाई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. परवा मुलाचं लग्न झालं, आणि नव्या सुनेला घेऊन आम्ही त्याच डोंगरावर गेलो, नुसतं फिरायला. पोरगी गुणी आहे. देवीपुढे हात जोडून ती मला म्हणाली, “आई, काही बोलायचं असतं का इथे?”

मी म्हटलं, “काही नाही. नुसतं पाया पड आणि चल.”