गाढवाच्या पाठीवरची नाणी

"सोनं कुठं गेलं?"

कचेरीत मामलेदारसाहेबांनी टेबलावर माझ्यापुढं दोन गोष्टी ठेवल्या. एक मीच काढलेला फोटो. त्यात बावीस नाणी, पिवळीधमक. दुसरी, शांतिलालशेठच्या तिजोरीतून आत्ताच काढून आणलेली तीच बावीस नाणी. पांढरी. चांदीची.

"साहेब, ही चांदीचीच होती," मी म्हणालो.

"मग फोटोत सोन्याची कशी?"

"बल्बमुळं."

"फोटो खोटं बोलतो का?"

शेजारी शेठ उभे. त्यांचा चेहरा त्या नाण्यांपेक्षा पांढरा पडलेला.

हकिगत अशी. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा सुमार. आळेफाट्याला माझा फोटो स्टुडिओ होता. पिंपरी पेंढारजवळ एकानं घराचा पाया खणायला घेतला आणि मडकं निघालं. आत चिखलानं लडबडलेली नाणी. माल सरकारी झाला. कचेरीतल्या कपाटाचं कुलूप मोडलेलं, म्हणून नाणी शांतिलालशेठच्या तिजोरीत ठेवायची ठरली. शेठ पंच म्हणूनही होते. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ बोलायचे आमच्यासारखंच. आसपासच्या गावांतल्या बायांचे दागिने त्यांच्या तिजोरीत नुसत्या शब्दावर असायचे.

फोटोचं काम माझ्याकडं आलं. कचेरीच्या कोठीतच काढायचे, खिडकी उघडायची नाही, जप्तीचा माल आहे. शिपाई दाराबाहेर. आत मी आणि शेठ. दोघांनी मिळून नाणी धुतली. फ्लॅश मारला की नाणं आरशागत चमकतं आणि त्यावरच्या राजाचं तोंडच उडून जातं. म्हणून मी बल्ब लावला. इथंच माती खाल्ली. आमचा फिल्मचा रोल बाहेरच्या उजेडासाठी बनवलेला. बल्बखाली त्यावर सगळं पिवळं येतं. आपला डोळा सांभाळून घेतो, रोल घेत नाही. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण लग्नांत तो पिवळा रंग लोकांना आवडायचा. पुण्याच्या लॅबमधून प्रिंट आले तेव्हा मी तर खूश! काय झळकत होती नाणी! तशीच पाकिटात घालून देऊन टाकली.

तिकडं कारकुनानं पंचनाम्यात धातूच्या रंगाची जागा कोरी सोडलेली. नाणी चिखलात होती ना, म्हणून "फोटो येईल तसं लिहू." फोटो आला. त्यानं लिहिलं, 'पिवळ्या धातूची'. सही, शिक्का, विषय संपला. फोटोनंतर लगेच तिजोरीत गेलेली नाणी उघडून बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. बघितली ती एकदम तिजोरीतून परत आणल्यावर.

साहेबांनी आठ दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात खुलासा झाला नाही तर शेठवर केस.

पण लोकांनी आठ दिवस कुठले थांबायला! दुसऱ्याच दिवशी बाजारात झालं, शेठनं सोनं गिळलं. बाया दागिने मागायला रांगेत. आणे गावाहून एक म्हातारी एसटीनं आली, आपल्या पाटल्या मागून घेतल्या आणि शेठच्या देखत दातानं चावून बघितल्या.

त्या दुपारी शेठ माझ्या स्टुडिओत आले. पाणी दिलं, घेतलं नाही.

"राव, तीन पिढ्यांत आमी कुणाच्या गुंजभर सोन्याला हात लावला न्हाई. तुमच्या एका फोटोनं मला चोर केलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी साहेबांना म्हणालो, पुन्हा फोटो काढून दाखवतो. उजेडात. कचेरीच्या अंगणात पांढरंशुभ्र धोतर अंथरलं, नाणी मांडली, मीटर बघून फोटो काढले, त्याच दिवशी पुण्याला जाऊन प्रिंट आणले. नाणी तव्यासारखी काळी!

"आता लोखंडाची झाली!" साहेब ओरडले. "म्हणजे मधे पुन्हा बदलली?"

चूक परत माझीच. घाईत धोतरावरचा मीटर घेतला. मीटर म्हणजे कॅमेऱ्यातलं उजेडाचं माप. ते बिचारं एकाच समजुतीवर चालतं, की समोर जे आहे ते करडं आहे. पांढरं दाखवलं तरी त्याला करडं करून टाकतं. मग त्यावरची नाणी आणखी काळवंडतात. यावर इलाज म्हणजे माप करड्या वस्तूवर घ्यायचं. त्यासाठी पुण्यात खास कार्ड मिळायचं. पण मी कार्ड आणलं असतं तर साहेब म्हणाले असते, कार्ड बदललं. मला अशी करडी वस्तू पाहिजे होती, जिचा रंग सगळ्या गावाला पाठ आहे.

असं एकच होतं. बबन कुंभाराचं गाढव.

साहेबांनी आधी मला वेड्यात काढलं. पण मी हट्टाला पेटलो. फोटोच्या आधी गाढवाचा पंचनामा करून घेतला. 'गाढव, नग एक, रंग करडा.' खाली साहेबांची सही, बबनचा अंगठा.

मग नाणी कणकेनं गाढवाच्या पाठीवर चिकटवली. मीटर गाढवावर घेतला. एक फोटो अंगणात सावलीत. दुसरा कोठीत, बल्बखाली. कोठीचं दार अरुंद. बबन पुढून ओढतोय, शिपाई मागून ढकलतोय, आणि शेठ कोट-टोपी घालून गाढवाचा कान धरून नवकार मंत्र पुटपुटतायत. मधेच एक नाणं कणकेसकट खाली पडलं आणि गाढवानं तोंड घातलं.

"अरे धरा! पुरावा खातंय!" साहेब टेबलावर चढले.

पुरावा वाचला. लॅबवाल्याला मी बजावलं, रंगात हात घालायचा नाही, येईल तसं छाप. तो म्हणाला, "भाऊ, हे कुठल्या देवाचं वाहन?"

सातव्या दिवशी शेठ आणि बबनच्या देखत दोन्ही प्रिंट साहेबांपुढं ठेवले. सावलीतल्या फोटोत गाढव करडं, नाणी चांदीची. बल्बखालच्या फोटोत नाणी सोन्याची, आणि गाढव कानापासून शेपटापर्यंत सोन्याचं.

साहेबांनी दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी धरले. मग बबनला म्हणाले, "मधल्या काळात गाढव कुणाच्या ताब्यात होतं?"

"माझ्याच की, सायेब," बबन म्हणाला. "आन् त्ये सोन्याचं झालं असतं, तर मी परत हितं आलो असतो व्हय?"

कारकून फिसकन हसला. साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, पेन उघडलं, 'पिवळ्या' खोडून वर 'पांढऱ्या' लिहिलं आणि सही केली.

शेठ सुटले. दोन्ही फोटो बाजारभर फिरले, लोक पोट धरून हसले आणि आठवड्यात दागिन्यांची गाठोडी घेऊन शेठच्या दारात परत आले. शेठनी प्रत्येकाला चहा पाजला आणि गाठोडं परत हातात दिलं.

"आता न्हाई ठिवत," ते म्हणाले. "माझ्या शब्दापरीस तुमाला गाढवाचा शब्द खरा वाटला. त्याच्याकडंच ठिवा."

मी तिथंच बसलो होतो. तोंड वर करायची हिंमत झाली नाही. त्यांचा निर्दोषपणा मी सिद्ध केला, पण जे गेलं ते आणून देता आलं नाही.

आता डिजिटल कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स असतो, बटण दाबलं की पिवळेपणा जातो. तरी नव्या पोरांना मी सांगतो, नाण्याचा फोटो काढताना आधी एक फ्रेम करड्या वस्तूची घ्या. आणि वस्तू समोर टेबलावर असेल, तर तिचा रंग लिहायला फोटोची वाट बघू नका.