चौथीतला ओला धडा

जी वस्तू ज्या कामासाठी तयार झाली, त्या कामासाठी ती एकदाही न वापरणारी व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती आमच्या शाळेत चौथीला शिकवत असे. मी त्यांना ताई म्हणत असे. वयाने त्या माझ्या आईच्या बरोबरीच्या, पण आई म्हणायला माणूस थोडा वेळ तरी एका जागी थांबावा लागतो. ताई थांबत नसत. चहा हाती आला की आधी त्यात थर्मामीटर बुडे, मग तो कसा कसा निवत गेला ते फळ्यावर लिहिलं जाई, आणि पूर्ण निवला की आता पिण्यात अर्थ नाही म्हणून त्या तो कुंडीत ओतून देत. डबा त्या व्हरांड्यात चालता चालता संपवत. शाळेच्या पट्टीचा त्यांनी तराजू केला होता. आवाज म्हणजे कंप हे दाखवायला त्यांनी एकदा शाळेच्या घंटेवर रांगोळी भुरभुरवून ती वाजवली, आणि मुलांच्या आग्रहाखातर पुन्हा पुन्हा वाजवली. त्या दिवशी पहिलीची मुलं दप्तर घेऊन फाटकापर्यंत पोहोचली होती.

आमची शाळा जबलपूरच्या गोरखपूर भागात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. माझी पाचवी आणि त्यांची चौथी यांच्यामध्ये एक भिंत आणि त्या भिंतीत एक न लागणारं दार. मी जबलपूरजवळच्या पाटण गावचा. वडील मंडीत पोती उचलत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. मी ज्या शाळेत शिकलो तिथे विज्ञानाचा प्रयोग मोठ्याने वाचायचा असे; एक मुलगा ‘सामग्री’ वाची, दुसरा ‘विधि’, तिसरा ‘निष्कर्ष’, आणि प्रयोग झाला. त्यामुळे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ताईंनी मधल्या दारातून माझ्या हातात एक सेल, दोन तारा आणि छोटा बल्ब कोंबला, तेव्हा मी नुसता उभा राहिलो. “लावा न भाऊ, चावत नाही तो,” त्या म्हणाल्या. मी लावला. बल्ब पेटला. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं असेल ते त्यांनाच ठाऊक. मुलांच्या लक्षात येऊ न देता आणखी एक सेल माझ्या हातात ठेवून त्या म्हणाल्या, “आता दोन लावून पाहा,” आणि निघून गेल्या. मी नंतर कितीतरी प्रशिक्षणं केली, पण मास्तर मी त्या दुपारी झालो असं मला वाटतं.

गोहलपूर भागातल्या दुरुस्तीच्या दुकानांत ताईंना माहेरवाशिणीसारखा मान होता. मेलेले मोबाइल, खेळण्यांतल्या मोटरी, प्रिंटरची चाकं असं सगळं दुकानदार त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवत. एकदा मी सोबत होतो. दुकानदाराने विचारलं, “दीदी, ये चलेगा नहीं, फिर क्यों ले जा रही हो?” ताई म्हणाल्या, “चलता होता तो बच्चे खोलते क्या, भैया?” त्यांची पर्स मेट्रो बसमध्ये कोणी मांडीवर घेत नसे, कारण ती मधूनच गुरगुरत असे.

त्यांचा ठाम विश्वास होता की जो धडा ओला, गरम किंवा फिरता नाही, तो धडाच नाही. हरभऱ्याला मोड येताना त्यांनी फोन लावून रात्रभर त्याचे फोटो काढले आणि सकाळी ते पडद्यावर भरभर पळवले. हरभऱ्याने मान वर काढली तेव्हा एक मुलगी म्हणाली, “दीदी, आज से मैं चना नहीं खाऊँगी,” आणि ताईंना स्वतः जाऊन तिच्या आईची समजूत घालावी लागली. भूगोल आणि नागरिकशास्त्रही त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. डब्यातला प्रत्येक पदार्थ कुठून आला ते मुलांनी घरी आणि बाजारात विचारून यायचं, फोनवरच्या नकाशात ती जागा शोधायची आणि जबलपूरपासून तिथवर भिंतीवर दोरा ताणायचा. मटारचा दोरा पाटणला गेला, तेव्हा मी उगाच कॉलर नीट केली. मिठाचा दोरा मात्र भिंत संपली तरी संपेना. ताईंनी प्रमाण काटेकोर धरलं होतं. त्यांनी मधलं दार उघडलं आणि दोऱ्याचं टोक माझ्या टेबलाच्या पायाला बांधलं. “गुजरात तुमच्या वर्गात येऊन राहिलं, भाऊ. सांभाळा,” म्हणाल्या. पुढचे कितीतरी दिवस मी फळ्याकडे जाताना मिठाचा दोरा ओलांडत होतो.

हे सगळं चाललं असतं, पण मध्ये पाण्याच्या टाक्या आल्या. दोन तारा पाण्यात बुडल्या की वाजणारं यंत्र ताईंनी सगळ्या वर्गाकडून करून घेतलं आणि ते घरच्या गच्चीवरच्या टाकीत लावायला सांगितलं. टाकी भरली की वाजेल आणि पाणी वाया जाणार नाही. आवाजाची डबी प्रत्येकाने जुन्या खेळण्यातून काढलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आले, आणि सगळ्या टाक्या साधारण एकाच वेळी भरल्या. एका गच्चीवर वाढदिवसाचं गाणं, दुसरीवर घोड्याचं खिंकाळणं, तिसरीवर पोलिसांची गाडी. कोणाचे तरी आजोबा मागच्या दाराने निघून गेले ते जेवायच्या वेळी परतले. त्या दिवशी अर्धे पालक तक्रार घेऊन आले आणि अर्धे आपल्यालाही एक डबी मिळेल का विचारायला. तक्रारवाल्यांचा प्रश्न एकच होता: “मैडम, किताब कब खुलती है?”

प्रश्न संस्थेच्या व्यवस्थापकांपर्यंत गेला. त्यांना सगळे बडे सर म्हणत. त्यांनी ताईंना बोलावून सांगितलं की ते स्वतः येऊन एक तास बघतील. पटलं नाही, तर चौथी दुसऱ्या कोणाला, आणि ताई वरच्या मजल्यावर परीक्षा विभागात. ताई जिना उतरून आल्या आणि मी त्यांना पहिल्यांदा भिंतीला टेकलेलं पाहिलं. “वर्ग गेला न भाऊ, तर मी काय करू? घरी मला कोणी काही खोलू देत नाही.”

त्यांनी धडा निवडला तालांचा, म्हणजे तलावांचा. जबलपुरात पत्ता सांगताना प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या तोंडी ताल येतो: रानीताल, अधारताल, हाथीताल, चेरीताल. मुलांनी विचारलं होतं की इतके तलाव आहेत, तर काहींचं पाणी कुठे दिसत का नाही. मग मुलांनी टॅबवर शहर वरून पाहिलं, घरोघरीच्या म्हाताऱ्यांना विचारलं की पूर्वी पाणी कुठे असायचं, आणि पत्र्याच्या मोठ्या परातीत मातीचं जबलपूर उभं केलं. टेकड्या, उतार, खोलगट जागा. प्रत्येक खोलगट जागेत वाजणारी डबी. आपापल्या घरांच्या जागी आगकाडीचे झेंडे.

“ताई, एकदा पाणी ओतून पाहू,” मी आदल्या दिवशी म्हटलं.

“काहून?”

“बडे सर येणार आहेत. काही उलटसुलट झालं तर?”

“मी कधी आधी करून पाहते काय? मला उत्तर माहीत असलं की मुलं माझं तोंड वाचतात. मग प्रयोग कशाला? माझं तोंडच पाहा म्हणा.”

बडे सर आले, हात मागे बांधून उभे राहिले. एका मुलीने झारीने पाऊस पाडला. पाणी टेकड्यांवरून उतरलं, थांबलं, वळलं, आणि पहिली डबी वाजली. नेमकी पोलिसांच्या गाडीची. तिच्या बाजूला लाल कागदाचा झेंडा होता. बडे सरांनी वाकून पाहिलं. “ये किसका घर है?”

“सर, आपका,” मुलगी म्हणाली. पाहुणे येणार, तर त्यांचंही घर आपल्या शहरात हवं म्हणून मुलांनी परस्पर ते लावलं होतं. घर त्यांना ठाऊक होतं; स्कूल बस रोज त्याच्यासमोरूनच जाते. ताईंना याचा पत्ता नव्हता.

“मेरा घर चिल्ला क्यों रहा है?”

“सर, आप ताल में रहते हैं।”

ताईंनी डबी बंद करायला हात घातला, पण तारा भिजलेल्या, ती थांबेना. मी मधल्या दारात उभा होतो आणि मला वाटलं, आटोपलं. बडे सर तसेच वाकलेले. मग त्यांनी मुलीला विचारलं, “तुमको किसने बताया?” ती म्हणाली, “मैप ने थोड़ा, दादी ने ज़्यादा।” बडे सरांनी तिच्या हातातली झारी घेतली. “हर बरसात में पंप लगाता हूँ,” ते कोणाकडेही न पाहता म्हणाले, “और ठेकेदार को गाली देता हूँ।” आणि त्यांनी स्वतः पाऊस पाडला, एकदा या टेकडीवरून, एकदा त्या, आपलं घर वाचतं का ते बघत. त्यांच्या बाह्या भिजल्या. तास संपला तरी ते गेले नाहीत.

त्यांना धडा पटला. इतका पटला की पुढच्याच आठवड्यात हुकूम आला: ताई चौथीत वाया जात आहेत, त्यांनी संस्थेच्या सगळ्या शाळांत फिरून शिक्षकांना असे धडे शिकवावेत. मोठा हुद्दा, जायला-यायला गाडी. चौथी मला मिळाली. स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. ताई पेढा हातात धरून माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “काढून टाकलं असतं तर भांडले असते भाऊ. आता रागावू कोणावर?”

त्यांचा शेवटचा तास शनिवारी होता. मुलांनी दप्तरं आधीच उचलून मांडीवर घेतली होती, भिजू नयेत म्हणून. ताई आत आल्या, पुस्तक उघडलं आणि राहिलेले धडे पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. नव्या मास्तरावर, म्हणजे माझ्यावर, कोर्स अपुरा ठेवल्याचा बोल येऊ नये म्हणून. एका मुलाने विचारलं, “दीदी, तबीयत ठीक है न?” त्या “हो रे” म्हणाल्या आणि वाचत राहिल्या. त्या फार सुरेख वाचत, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. धडा नदीचा होता. दप्तरं मांडीवर घेऊन बसलेली मुलं शेवटच्या ओळीपर्यंत वाट पाहत राहिली, आता कुठून तरी पाणी येईल म्हणून.