पूजेतली कॉलेट

उचगावात चन्नाप्पा बडिगेरइतका नियमाचा माणूस दुसरा सापडायचा नाही. नियम इतके, की डोक्याला वेगळं काम उरतच नाही. माझं, म्हणजे तात्याचं, लाकूड-पॉलिशचं दुकान त्याच्या शेडला लागूनच. त्यामुळं हा खेळ मला रोज फुकट बघायला मिळतो.

२००३ साली त्यानं कोरीव कामाचं सीएनसी राउटर, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन घेतलं. त्याआधी तो थोरल्या भावाच्या, सोमशेखर अण्णाच्या हाताखाली पटाशीनं नक्षी कोरायचा. मशीन आलं त्या दिवशी अण्णा म्हणाला, "हाताला रजा दिलीस, आता मलाबी दे." आणि सरळ आजऱ्याला निघून गेला. पुन्हा म्हणून शेडची पायरी चढला नाही. चन्नाप्पानं मात्र अण्णाचे सगळे नियम मशीनला लावले. लाकडाला पाय लावायचा नाही. कामावर असताना शीळ घालायची नाही. मशीन चालू झालं की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, पण शीळ नको म्हणजे नको.

२००७ च्या दसऱ्याला अण्णाच्या नव्या घराची आजऱ्यात वास्तुशांत ठरली. दोघांची आई अक्काताई अडून बसली. "दार चन्नाचंच पायजे. न्हायतर मी उंबरा वलांडत न्हाय." अण्णाला झक मारत निरोप धाडावा लागला. चन्नाप्पा हरखला. दार मनासारखं झालं तर अण्णा आत येईल, चहा घेईल, दोन शब्द बोलेल, एवढंच त्याला पाहिजे होतं. कपभर चहा पाजायला सागवानाचं दार कोरणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

खंडेनवमी उजाडली तेव्हा मधली फळी तेवढी राहिली होती. तिच्यावर नंदी. बाहेरची कड जाड बिटानं, म्हणजे मशीनच्या कोरायच्या पात्यानं, काढून झालेली, आता तोंडावरचं बारीक काम बाकी. बिट धरायला स्पिंडलच्या, म्हणजे मशीनच्या गरगर फिरणाऱ्या आसाच्या, तोंडात कॉलेट बसवतात. कॉलेट म्हणजे फटी पाडलेलं पोलादी नळकांडं, नट आवळला की ते बिटाची दांडी चिमटीत धरतं. आठ एमएमच्या दांडीला आठाची कॉलेट, सहाच्या दांडीला सहाची. यात कुणाचं मत विचारायला जागाच नाही. बारीक बिटं सगळी सहाची होती. स्पिंडलला कॉलेट होती आठाची.

आणि सहाची होती पाटावर. दानेश्वरी वहिनींनी, म्हणजे चन्नाप्पाच्या बायकोनं, बाकीच्या कॉलेटी, पटाश्या, पाने, सगळं ओळीनं मांडून, भस्म-कुंकू लावून, झेंडू वाहून पूजा उरकली होती. अण्णाचा नियम असा, की पूजेला बसलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही. अण्णा तर दुपारी टेम्पो घेऊन यायचा होता.

चन्नाप्पा माझ्याकडं पाना मागायला आला. त्याचा पूजेत. माझा बहुधा नास्तिक.

"अरे, हत्यार हलवायचं न्हाय तर मशीन कसं चालवतोस?" मी विचारलं.

"मशीन हत्यारात येत न्हाय, तात्या."

"कुणी सांगिटलं?"

"अण्णा कुटं त्याला हत्यार म्हणतोय?"

कप्पाळ! त्यानं पावडरच्या डब्याचा पत्रा कापला, बिटाच्या दांडीला गुंडाळला आणि ते आठाच्या कॉलेटीत कोंबलं.

"उडंल की रं ते!"

"बसतंय की!" म्हणाला, आणि नट आवळला.

बसलं खरं. नंदीचे डोळे झाले, शिंगं झाली, मलाही वाटलं की देव भोळ्यांचाच असतो. मग आवाज बदलला. पत्रा सैल झाला, बिट लटपटत खाली सरकलं आणि नंदीच्या कपाळापासून पार वशिंडापर्यंत बोटभर खोल चर पाडून मोडलं. चन्नाप्पानं मशीन बंद केलं आणि खाली भुशातच बसला. चार शब्द सुनावायला म्हणून मी धावलो होतो, पण त्याचं तोंड बघून त्याच्या खांद्यावरचा भुसा झटकायला लागलो. मला त्याचा राग आला होता आणि कीवही तितकीच येत होती.

तेवढ्यात टेम्पो वाजला. अण्णा पायरीवर येऊन उभा राहिला. त्यानं फळी बघितली, बिटाला चिकटलेला पत्रा बघितला, मग पाट बघितला.

"सहाची कॉलेट पूजेत हुती," चन्नाप्पा मान खाली घालून म्हणाला. "कशी उचलू? तुझाच नियम हाय की, अण्णा."

अण्णा आता भावाला फाडून खाणार, असं मी धरूनच चाललो होतो. पण त्यानं चपला काढल्या, आत आला, पाटापुढं बसून हात जोडले. झेंडू बाजूला केला आणि त्या पोलादी नळकांड्यांकडं बघत राहिला. धाकट्याला पटाशी धरायला ह्याच माणसानं शिकवलेलं, पण त्याला त्यातलं एकही ओळखता येईना.

"चन्ना," तो म्हणाला, "ह्यातली कंची?"

चन्नाप्पानं बोट दाखवलं. अण्णानं ती उचलली, धोतराच्या सोग्यानं भस्म-कुंकू अगदी फटीफटीतून पुसून काढलं आणि धाकट्याच्या हातावर ठेवली.

"दुसरी फळी घे," तो म्हणाला. "आन् दाव मला, कशी बसवत्यात ती."