काळजाचा वाटा

माझी चुलती सारजाबाई बोलायला लागली की शेळ्यासुद्धा रवंथ थांबवतात, असं आमच्या धनगरवाड्यात म्हणायचे. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमची चार-पाच घरं. तिचा नवरा लवकर गेला. घरात एकुलता एक बिरू आणि सून बयाबाई. लग्नाला चार वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता, तेवढं सोडलं तर सुनेवर तिचा फार जीव. शिव्याही त्याच मापानं द्यायची.

चोपन्न साली एका सकाळी बयाबाई चुलीमागच्या भिंतीची भाजलेली माती खरवडून खाताना तिला दिसली. झालं! माती खाते म्हणजे डोहाळेच. चुलतीनं घरोघर गूळ वाटला आणि सुनेच्या डोक्यावरचा हंडा स्वतःच्या डोक्यावर घेतला. बयाबाई खरं सांगायला तोंड उघडायची, पण सासूचा फुललेला चेहरा बघून गप्प बसायची. थोड्याच दिवसांत ती बाजूला बसली आणि चुलतीचं सगळीकडे हसं झालं.

सून न्हाऊन घरात आली तशी चुलतीनं रागानं हंडा परत तिच्या हातात दिला. झऱ्याची चढण चढताना बयाबाई कोसळली. मग रुसवा कुठला नि काय! सुनेला झोळीत घालून मायलेकांनी वेल्ह्याचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी बयाबाईची खालची पापणी ओढून पाहिली. आत लालीच नव्हती.

"हे डोहाळे नाहीत, बाई. हिच्या अंगात लोह नाही, म्हणून माती खावीशी वाटते. असंच चाललं तर पोर सोडा, हीच राहायची नाही. दर महिन्याला रक्त जातं, ते भरून यायला ही खाते काय?"

"खाती की. नाचणीची भाकरी."

"सोबत?"

"समद्यांचं झाल्यावर भांड्यात ऱ्हाईल ते."

"आणि काय राहतं?"

कुणाला हार न जाणारी माझी चुलती खाली बघून सुनेच्या अंगावरची घोंगडी सारखी करू लागली. बाईंनी गोळ्या दिल्या. पालेभाजी, डाळ आणि मिळेल तेव्हा बोकडाचं काळीज खायला सांगितलं.

पुढं बिरोबाला बोकड कापला. काळीज निखाऱ्यावर भाजून कर्त्या पुरुषांना वाढायचं, ही आमची रीत. माझे वडील रायबा, म्हणजे चुलतीचे धाकटे दीर, मांडी ठोकून बसले. ताटात नुसता रस्सा आला.

"वैनी, काळीज कुठं हाय?"

"सुनंला दिलं, भावजी."

"आन आमाला?"

"तुमाला कुठं म्हैन्याला रगात जातंय?"

वडील मान खाली घालून भाकरी मोडू लागले. मला अजून हसू येतं.

आत चुलीपाशी बयाबाई बसली होती. गोळ्यांनी ओठांवर जरा रंग आला होता, पण घास उचलत नव्हता.

"आदी तुमी घ्या, आत्याबाई."

"मला म्हातारीला कशाला गं?"

बयाबाईनं ऐकलं नाही. एक तुकडा सासूच्या तोंडात घातलाच. चुलती हळूहळू चावत राहिली. चुलीमागच्या त्या खरवडलेल्या भिंतीकडं बघता बघता तिचे डोळे भरून आले.

"त्यातली निम्मी माती म्या खाल्लीया, बया," ती म्हणाली. "जलमभर काळीज भाजलं गं. चव आज कळली."