विनाशिकेचे रिकामे लिफाफे

नोकरीत हाताळलेली बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. खमरियाच्या एका घरात हाती घेतलेला, मिठाने ताठ झालेला लिफाफा मात्र अजून बोटांना जाणवतो.

युद्ध संपून काही महिने झाले होते. जबलपूरजवळच्या खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तिन्ही पाळ्या तशाच चालू होत्या. मी जबलपुरात नवा ठाणेदार होतो. एका सकाळी हजेरी उरकत असताना कारखान्यातला एक मराठी कारागीर ठाण्यात आला. बसा म्हटले तरी उभाच राहिला. त्याचा एकुलता एक मुलगा नौदलाच्या विनाशिकेवर होता. युद्धाच्या दिवसांत तो डेकवरून समुद्रात वाहून गेला, शोध लागला नाही, असे पत्र घरी आले होते. त्यानंतर त्याच जहाजाचे लिफाफे येऊ लागले. चार आले होते. चारही रिकामे.

"सायेब, पोरगा जिता असन तर मी त्याची क्रिया करू शकत नाही," तो म्हणाला. "आन् गेला असन तर तो मधातच लटकून राहिला. बायको मले नर्मदेवर ग्वारीघाटाले जाऊ देऊन नाही राहिली. तुम्हीच सांगा, काय करू?"

यात तक्रार कशाची लिहायची, हे ठाण्यातल्या मुन्शीला कळेना. पण युद्धनौकेचा शिक्का आणि कारखान्याची वसाहत, एवढ्यावरून त्या काळात हेरगिरीचा संशय येत असे. रोजनामच्यात नोंद करून मी त्याच्याबरोबर घरी गेलो.

मुलाच्या आईने गव्हाच्या कोठीतून लिफाफे काढून दिले. पत्ता मुलाच्याच वळणाचा होता, बापालाही शंका नव्हती. जहाजाच्या शिक्क्यातली तारीख मात्र मुलगा बेपत्ता झाल्यानंतरची होती. कागद भिजून वाळल्यासारखा, कडांना पांढरा थर.

"चाटून पाहा," ती शांतपणे म्हणाली. "खारट आहे."

मी लिफाफा खाली ठेवला आणि नकळत बोटे पँटला पुसली. आत चिठ्ठी का नसावी, असे विचारले. तिच्याकडे उत्तर तयार होते. "तपासणीवाले काढून घेऊन राहिले. युद्धात नाही का ओळीच्या ओळी काळ्या करून पाठवत होते? तो कुठं आहे, हे कोणाले कळू नाही द्यायचं त्यांले." मुलगा शत्रूच्या कैदेत आहे, की कुठल्या गुप्त कामावर, एवढेच तिच्या मते ठरायचे बाकी होते. कोपऱ्यात त्याचे जोडे पुसून ठेवलेले होते.

निघताना बापाने सहज एक गोष्ट सांगितली. मुलाची पत्रे हे लोक जपून ठेवत आणि लिफाफे शहरात कमानिया गेटजवळ जुनी टपाल तिकिटे विकणाऱ्या एका तिकीटवाल्याला देऊन टाकत. मुलगा शाळेपासून त्याच्या दुकानात जायचा. जहाजाचा शिक्का असलेले लिफाफे जमवणारे शौकीन असतात, असे तो दुकानदार म्हणे. हे नवे लिफाफे मागायलाही तो दोनदा येऊन, चहा पिऊन गेला होता. आईने दिले नाहीत.

या गोष्टीपाशी मी तेव्हाच थांबायला हवे होते. पण माझ्या डोक्यात हेर शिरला होता. पुढचे दोन आठवडे मी बापाचे मित्र, त्याची पाळी, त्याची सुटी तपासण्यात घालवले.

शेवटी पोस्टमनचा जबाब घेतला. तो म्हणाला, "साहब, ये तो मैं दोपहर वाली डाक में लाता हूँ. बंबई की थैली सुबह की गाड़ी से आती है. दोपहर में तो बस शहर के डिब्बों की चिट्ठियाँ रहती हैं."

हे आधी का नाही सांगितलेस, असे मी विचारले. किसी ने पूछा नहीं, असे त्याचे उत्तर. लोक दडवतात त्यापेक्षा, न विचारल्यामुळे राहून जाते ते पुष्कळ जास्त असते.

लिफाफे जबलपुरातूनच निघत होते. पोस्टमास्तरांशी बोलून पेट्यांवर नजर ठेवली. पाचवा लिफाफा कमानिया गेटजवळच्या पेटीत सापडला, तिकीटवाल्याच्या दुकानापासून वीस पावलांवर. दोन पंच घेऊन झडती घेतली. मागच्या खोलीत कोरलेला रबरी शिक्का होता, पत्ता गिरवण्यासाठी मुलाचे जुने लिफाफे होते आणि लिफाफे समुद्रात भिजल्यासारखे दिसावेत म्हणून परातीत मिठाचे पाणी. वर दोरीला काही कोरे लिफाफे वाळत होते, लहान मुलाचे कपडे वाळावेत तसे.

त्याच्यावर मी आवाज चढवला नाही. शिक्का आणि पाचवा लिफाफा समोर ठेवला. तो आपणहून बोलू लागला. जाणकार शौकिनाला मुद्दाम बनवून घेतलेला लिफाफा नको असतो. खऱ्या घरी पोहोचलेला, पाठीवर पोचल्याचा टपालखात्याचा शिक्का बसलेला हवा असतो. म्हणून त्याने तो खऱ्या घरी पाठवला. पूर्वीसारखा मागून आणता येईल, असा हिशोब होता. आईने दिला नाही, म्हणून दुसरा पाठवला. मग तिसरा.

शिक्क्यातल्या तारखांना मुलगा जहाजावर नव्हता, हे मी दाखवले तेव्हा त्याला खरोखर आश्चर्य वाटले. "साहब, मैंने तो लड़ाई में जहाज़ की तारीखें देखीं," तो म्हणाला. "लड़के की नहीं देखी."

त्याच दुपारी मी खमरियाला गेलो. दारात उभा राहून, डोक्यावर टोपी तशीच ठेवून, दोन मिनिटांत सगळे सांगितले. त्या माउलीचा फसवणुकीतून जीव सुटेल, असे मला वाटले होते.

"नौदलाच्या चिठ्ठीनं नव्हता मेला तो, सायेब," ती म्हणाली. "आज मेला."

चारही लिफाफे मुद्देमालात लागणार होते. तिने ते स्वतःच आणून दिले. त्या आठवड्यात बापाने ग्वारीघाटावर, देह सापडत नाही तेव्हा करतात तसा पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया केली. आईही गेली होती, असे कळले. तिकीटवाल्याला पुढे शिक्षा झाली आणि वरिष्ठांनी माझ्या तपासाला चांगला शेरा दिला.

खरे काय ते शोधणे मला शिकवले होते. ते कुणाच्या घरात नेऊन कसे ठेवायचे, हे कुठल्याच प्रशिक्षणात नव्हते. त्यानंतर अशी बातमी मी कधी उभ्याने सांगितली नाही. आधी बसलो, पाणी मागितले, गेलेल्या माणसाबद्दल चार गोष्टी विचारल्या.

माझी पत्नी गेली त्याला आता दोन वर्षे होतील. तिच्या नावाची पत्रे अजून येतात. 'हयात नाही' असा शेरा मारून ती पोस्टमनला परत द्यायची असतात, हा नियम मला ठाऊक आहे. मी ती घेतो, आणि तिच्या टेबलावर ठेवतो.